गोदीची म्हैस भिंतीवर

गोदीने पुस्तक उलटं धरलं होतं आणि ती धडा मात्र न अडखळता म्हणत होती. मी तिच्याजवळ थांबलो आणि पुस्तक सरळ केलं. तिने माझ्याकडे एकदा पाहिलं आणि पुढे सुरू केलं. मग मी पानं उलटून भलताच धडा तिच्यासमोर ठेवला. तोंडातून आधीचाच धडा चालू!

आखाडा बाळापूरच्या सरकारी शाळेत मी मुदर्रिस होतो, म्हणजे साधा मास्तर. निजामाचं राज्य, त्यामुळे हुद्दे सगळे उर्दूतले. हेडमास्तरांना सदर मुदर्रिस म्हणायचं. शिकवायची पद्धत एकच होती. एकाने वाचायचं आणि बाकीच्यांनी त्याच्यामागून ओरडायचं. रस्त्यावरून जाणाऱ्याला शाळा भारी हुशार वाटायची. या ओरडण्यात गोदी चौथीपर्यंत आली होती. कान असा तयार की एकदा ऐकलं की पाठ. वाचता मात्र तिला अजिबात येत नव्हतं.

शाळा सुटल्यावर तिला थांबवून घेतलं.

"गोदे, खरं सांग. वाचता येत नाही ना?"

तिने मान खाली घातली. "अक्षरं एका जागी बसत न्हाईत, गुर्जी. मी म्हनते ह्यो भ हाय, तर त्यो म होऊन राहिला."

"मग सांगितलं का नाहीस?"

"सांगून काय व्हतं? समदे ढ म्हनतात."

आज या अडचणीला डिस्लेक्सिया म्हणतात. मूल हुशार असतं, पण अक्षरं त्याच्या हाती लागत नाहीत. तेव्हा आमच्याकडे त्याला एकच नाव होतं, आणि ते तिने मला सांगितलंच होतं.

मी सदरसाहेबांकडे गेलो. त्यांचं निदान तयार होतं. "उर्दू उजवीकडून, मराठी डावीकडून. पोरीचा गोंधळ होणारच. तिचा उर्दूचा तास बंद करा." आमच्या भागातल्या बहुतेक मास्तरांना हे बरोबर वाटलं असतं. मलाही वाटलं. तास बंद केला. काडीचा फरक पडला नाही.

इन्स्पेक्शन जवळ आलं होतं. इन्स्पेक्टर स्वतः प्रत्येक मुलाकडून वाचून घेत, आणि जो अडला तो त्याच वर्गात राही. गोदीचे वडील मारोतराव थोडी जमीन कसणारे, बोलायला रोखठोक. त्यांनी मला शाळेच्या दारातच बजावलं होतं, "औंदा पास झाली तर ठीक. न्हाई तर म्हशी राखंल. घरी कामाची काई वान न्हाई."

मला हट्टी स्वभावाची देणगी आहे. बायको तिला दुसरं नाव देते. मी अडगळीतली धूळपाटी काढली. ही जुनी फळी. तिच्यावर बारीक धूळ पसरायची आणि बोटाने अक्षर गिरवायचं. स्लेटपाट्या आल्यापासून तिला कोणी विचारत नव्हतं. मी गोदीला तळहाताएवढी अक्षरं काढायला लावली, गिरवताना तोंडाने म्हणायला लावली. जे तिच्या डोळ्याला धरता येत नव्हतं ते तिच्या हाताने धरलं. भ आणि म हळूहळू वेगळे झाले. पण पुस्तक समोर आलं की कान पुढे धावायचा आणि पाठ केलेला धडा सुरू व्हायचा. सगळं पुस्तक तिला पाठ होतं. मी रडकुंडीला आलो.

एकदा मधल्या सुट्टीत पोरांचा घोळका खो खो हसत होता. मध्ये गोदी. ती त्यांच्या म्हशीची गोष्ट सांगत होती. मारोतरावांनी म्हैस बाजारात विकली आणि ते ओळखीच्या माणसाबरोबर चहाला बसले. घरी येऊन पाहतात तर म्हैस गोठ्यात रवंथ करत उभी, आणि मागोमाग ती विकत घेणारा गडी तुटलेलं दावं घेऊन धापा टाकत येतोय. गोदी म्हैस व्हायची, बाप व्हायची, गडी व्हायची. मी बघतच राहिलो. ही ढ?

"गोदे, हीच गोष्ट लिहायची."

"पाटीवर मावत न्हाई, गुर्जी. माझी अक्षरं लई मोठी व्हतात."

शाळेची बाजाररस्त्याकडची भिंत इन्स्पेक्शनसाठी नुकतीच चुन्याने पांढरी केली होती. मी तिच्या हातात कावेचा, म्हणजे लाल गेरूचा, खडा दिला. आधी धुळीत गिरवायचं, मग भिंतीवर काढायचं, असं करत दुसऱ्या दिवशी गोष्ट पुरी झाली. अडली तिथे मी नुसता आवाज सांगितला.

सदरसाहेब लालबुंद झाले. "उद्या इन्स्पेक्टर येताहेत! पुसा हे!"

"काव आहे साहेब. पुसली तर सगळी भिंत लाल होईल."

ते पाय आपटत आपल्या खोलीत गेले.

इन्स्पेक्शनच्या दिवशीच बाजार होता. ज्यांना वाचता येत होतं ते भिंतीपुढे उभे राहून वाचत होते, बाकीचे ऐकून पोट धरत होते. मारोतराव गर्दीतून तणतणत आले.

"गुर्जी, भर बाजारात हसं केलं माझं! गोदे, चल घरी. झाली शाळा."

गलका ऐकून इन्स्पेक्टर शाळेतून बाहेर आले. "थांबा जरा. हे कोणी लिहिलं?"

"या मुलीने," मी म्हणालो.

"बेटी, वाचून दाखव."

बोट हवेत गिरवत गोदी सावकाश वाचू लागली. शेवटची ओळ आली. "आबा म्हशीच्या कानात म्हणले, आता न्हाई इकत तुला."

मारोतराव तिच्याजवळ आले. "हे तुला कसं ठावं?"

"मी गोठ्यातच व्हते, आबा."

त्यांनी उपरण्याने तोंड पुसलं. इन्स्पेक्टरांनी मात्र भुवई उंचावली. "स्वतःची गोष्ट आहे, पाठ असणार."

त्यांची शंका रास्त होती. "कुठूनही विचारा, साहेब."

ते छडीने शब्द दाखवू लागले, कधी शेवटचा, कधी मधला. गोदी प्रत्येक शब्द आधी तळहातावर गिरवून मग सांगत होती. एक शब्द चुकला, तो तिने पुन्हा गिरवला, बरोबर सांगितला. अखेर त्यांनी काव मागून घेतली आणि खाली स्वतः तीन शब्द लिहिले.

"हे तर तू लिहिलेलं नाहीस. वाच."

"गो... दी..." तिने तळहातावर बोट फिरवलं. "पा... स. पास. आ... हे."

एवढं वाचून ती उत्तराची वाट पाहत उभी राहिली. काय वाचलं ते तिच्या लक्षात यायला एक क्षण लागला. मग ती अशी किंचाळली की बाजारातले बैल बुजले.

"काय लिवलंय?" मारोतरावांनी विचारलं. त्यांना अक्षरओळख नव्हती. तिने पुन्हा वाचलं. त्यांनी आणखी एकदा वाचायला लावलं. मग माझ्याकडे वळून म्हणाले, "शिकू द्या तिला. पर फुडची गोष्ट दुसऱ्याच्या म्हशीची लिवायला सांगा."

गोदी पुढे हिंगोलीला शिकली. वाचन तिचं जन्मभर संथच राहिलं, पण सुटलं नाही. मुलाला काय येत नाही हे शोधायला सरकार लांबून इन्स्पेक्टर पाठवतं. काय येतं हे बघायला गावातला मास्तर पुरतो. फक्त त्याने मधल्या सुट्टीत डुलकी काढू नये.