न चमकलेली नळी

दौलतगंजातल्या बेकरीसमोरून जाताना खमिराचा आंबूस वास आला की मला आमच्या प्रयोगशाळेतली ती सकाळ आठवते, कारण आम्ही जंतू ज्या रश्शात वाढवायचो त्यालाही असाच वास यायचा. निसर्गात नसलेलं, बाटलीतून पावडर म्हणून आलेलं एक अमिनो आम्ल जंतूंच्या प्रथिनात बसवायचं, हा माझा पीएचडीचा ध्यास होता. त्यासाठी एका चमकणाऱ्या प्रथिनाच्या जनुकात मधोमध थांबण्याची खूण घातली होती: पावडर दिली तर जंतू ती तिथं बसवून प्रथिन पुरं करणार आणि नळी हिरवी चमकणार, नाही दिली तर काम अर्धवट सोडणार आणि नळी काळी राहणार. पण तीनदा दोन्ही नळ्या चमकल्या होत्या, म्हणजे लबाड जंतू घरचंच साधं आम्ल तिथं ठोकून मोकळे होत होते. माझ्या गाईड मॅडम म्हणाल्या होत्या, "या खेपेला नाही जमलं तर विषय बदलू." मी पडदे ओढले आणि जांभळा दिवा लावला. पावडरवाली नळी कैरीसारखी हिरवीगार झाली आणि दुसरीत मिट्ट काळोख. मी मटकन स्टुलावर बसले, हसता हसता डोळे वाहायला लागले. काचसामान धुणारे काका धावत आले, त्यांनी ती काळी नळी पाहिली आणि माझ्या डोक्यावर हात ठेवून म्हणाले, "ताई, रडू नका हो, अगली बार दोन्ही चमकतील." आता माझ्या विद्यार्थ्यांवर फारच चिडले की मी त्यांना काकांचा हाच आशीर्वाद देते.