मामाच्या डब्यातल्या अळ्या

कैनाडला माझ्या मामाची चिकूची वाडी आहे आणि वाडीत मधमाश्यांच्या पेट्या. पेट्यांतलं मेण खाणाऱ्या पांढुरक्या अळ्यांशी मामाचं जन्माचं वैर. दिसली की चिरडायची, एवढंच त्याला ठाऊक. एम.एस्सी.च्या प्रयोगाला मला नेमक्या त्याच अळ्या हव्यात, त्याही धडधाकट, हे ऐकून तो पोट धरून हसला.

मी त्याला समजावलं. उंदरांऐवजी या अळ्यांवर औषध तपासता येतं. बारीक सुईने सगळ्यांना जंतू टोचायचे, मग अर्ध्यांना अँटिबायोटिक द्यायचं आणि अर्ध्यांना नुसतं मिठाचं पाणी. औषध लागू पडलं तर पहिल्या जगतात, दुसऱ्या काळ्या पडून मरतात.

"त्या दुसऱ्यांनी तुझं काय घोडं मारलंय?" मामाने विचारलं. मी ते हसण्यावारी नेलं.

कोंड्यात मध कालवून त्याने अळ्यांचे असे लाड केले की मामीला हेवा वाटावा. डबा घेऊन मी कॉलेजात आले, जंतू टोचले आणि वाट बघत बसले. एकही अळी काळी पडेना. मिठाच्या पाण्यावरच्यासुद्धा मजेत वळवळत होत्या. मॅडम म्हणाल्या, "पुन्हा कर. या वेळीही असंच झालं तर प्रबंध पुढच्या वर्षी."

मी जंतू तपासले, ते ठणठणीत होते. म्हणजे घोळ अळ्यांतच होता. मी तणतणत कैनाड गाठलं.

मामा ओटीवर पाय वर करून बसला होता. मी डबा नेण्याआधीच कुंपणाची तार लागून जखम झालेली, डॉक्टरांनी कॅप्सूल दिलेल्या.

"तीन घेतल्या, बरं वाटलं," तो म्हणाला. "उरलेल्या फोडून कोंड्यात घातल्या. सगळ्यांना सारख्या. अर्ध्यांना औषध नाही म्हणजे काय, बाय? मनाला पटेना."

मला राग आला आणि हसूही आवरेना. मग पाय नीट पाहिला. तो पुन्हा सुजला होता. हसू तिथेच थांबलं. मी त्याला स्कूटरवर बसवून डॉक्टरांकडे नेलं. माझ्या वाटचं ओरडणं डॉक्टरांनीच उरकलं आणि गोळ्यांची नवी पट्टी लिहून दिली.

पडवीतल्या जुन्या पेटीत मामाचा हात न लागलेल्या अळ्या होत्या. त्या घेऊन मी प्रयोग पुन्हा केला. निकाल बघायला मामा हट्टाने कैनाडहून रिक्षा करून कॉलेजात आला. एका डबीतल्या अळ्या पांढऱ्या, वळवळत्या. दुसरीतल्या सगळ्या कोळशासारख्या काळ्या. माझं वर्ष वाचलं होतं, मला नाचावंसं वाटत होतं.

मामा मात्र दुसऱ्या डबीवरून नजर काढेना.

"यांना काहीच दिलं नव्हतंस?"

"नाही."

तो उठून व्हरांड्यात गेला. मी मागोमाग गेले. त्याने खिशातून गोळ्यांची नवी पट्टी काढली. परवाच संपायला हवी होती ती, अर्धी तशीच होती.

"पाणी दे," तो म्हणाला.