सभेत बसायच्या लायकीचे

शेजारच्या काकू फार सभ्य, असं सगळी सोसायटी म्हणते. काल त्यांनी मला चहाला बोलावलं. पोळ्या करणाऱ्या मावशींनाही त्या अहो-जाहो करतात. "मावशी, तुम्हीही घ्या हं चहा," अगदी गोड आवाजात म्हणाल्या. मावशींनी खिडकीत पालथा ठेवलेला, कान तुटलेला, त्यांचा वेगळा कप घेतला आणि ओट्याशी फरशीवर बसून चहा प्यायला. सोफा अर्धा रिकामाच होता. मावशींच्या हातच्या पोळ्या मात्र या घराला चालतात.

सभ्य म्हणजे मुळात सभेत बसायच्या लायकीचा. ती लायकी ठरवणार कोण, तर आधीच जागा धरून बसलेले. शब्द जन्मापासूनच नासका आहे.

निघताना काकू म्हणाल्या, "तुमच्यासारखी सभ्य माणसं हल्ली भेटत नाहीत हो. किती शांत बसता."