पार्ट्स ऑफ स्पीच आणि वाणाच्या टिकल्या

मागच्या गुरुवारी माझी नोकरी जाता जाता राहिली. मी तर ती गेलीच असं धरून चालले होते...

ठाकुर्लीच्या एका सेमी इंग्लिश शाळेत मी पाचवीला इंग्रजी शिकवते. मुलगा झाल्यावर नऊ वर्षं घरीच होते. त्यानंतरची ही पहिली नोकरी, तीही एका वर्षापुरती. पुढे ठेवायचं की नाही, ते मोठ्या बाई, म्हणजे आमच्या मुख्याध्यापिका, ठरवणार होत्या.

तर झालं असं, की पार्ट्स ऑफ स्पीच, म्हणजे शब्दांच्या जाती, काही केल्या मुलांच्या डोक्यात शिरेनात. व्याख्या तोंडपाठ, पण वाक्य समोर ठेवलं की सगळे एकमेकांची तोंडं बघायचे.

घरी संक्रांतीच्या हळदीकुंकवाला वाण म्हणून आलेल्या टिकल्यांचा ढीग पडला होता. आमच्या सोसायटीत दरवर्षी निम्म्या जणींना टिकल्याच सुचतात, आणि असल्या भडक रंगांच्या की लावत कोणीच नाही... म्हटलं, चला, कामाला येतील.

नाउनला लाल, व्हर्बला हिरवी, ॲडजेक्टिव्हला निळी... अशा आठ जातींना आठ तऱ्हेच्या टिकल्या. इंटरजेक्शनला मात्र खड्याची, कारण 'वॉव'चं साध्या टिकलीत भागत नाही. झेरॉक्सच्या कागदांवर वर्ग असा रंगला, की मधल्या सुट्टीची घंटासुद्धा कोणाला ऐकू आली नाही.

मग माझा शहाणपणा नडला. उरलेल्या टिकल्या मी मुलांना वाटल्या आणि म्हटलं, घरी सराव करा. कशावर करा, ते सांगायचं राहिलंच.

मुलांनी सराव केला पाठ्यपुस्तकांवर. आणि ही पुस्तकं शाळेच्या बुक बँकेची, वर्ष संपलं की पुढच्या मुलांसाठी नीट परत करायची. गुरुवारी मोठ्या बाईंनी ती तपासायला मागवली, तर एकेक पुस्तक हळदीकुंकवाला निघाल्यासारखं सजलेलं...

शिपाईमावशी मोठ्या बाईंनी बोलावल्याचा निरोप घेऊन आल्या. जिना चढताना मी मनातल्या मनात राजीनाम्याचं पहिलं वाक्यसुद्धा जुळवलं होतं.

"बाई, चूक माझीच आहे. मुलांना काही बोलू नका," मी आत जाताच म्हटलं. "रविवारी बसून सगळ्या टिकल्या काढून देते."

"नको नको, काढू नका!" मोठ्या बाई घाईघाईने म्हणाल्या. "टिकलीबरोबर अक्षरंही निघतात. मी काढून बघितल्या."

त्यांनी वरचं पुस्तक माझ्यापुढे सरकवलं. पानाला चार भोकं. "ही माझी," म्हणाल्या, आणि चक्क ओशाळल्या. (हे त्यांच्या परवानगीने लिहितेय बरं का!)

मला हसू आवरेना, मग त्याही हसल्या. मला बोलावण्याआधी त्या मुलांना रागवायला वर्गात जाऊन आल्या होत्या. तिथे मुलांनीच त्यांना फळ्यापाशी उभं करून आठही जाती समजावल्या होत्या म्हणे.

"यापुढे टिकल्या वहीत," त्या म्हणाल्या. "आणि जूनमध्ये ही मुलं सहावीत जातील. त्यांना पुढचं काय शिकवणार, ते लिहून आणा."

खाली येऊन ग्लासभर पाणी प्यायले. इतकं हलकं कित्येक दिवसांत वाटलं नव्हतं.

नऊ वर्षं सगळे मला विचारायचे, आज जेवायला काय करणार? त्या दिवशी कोणीतरी विचारलं, पुढच्या वर्षी काय शिकवणार... थँक यू, मोठ्या बाई.