पायऱ्यांच्या तोंडाशी

मी आज जो काही आहे तो माझ्या आत्तीमुळे. जोतिबाच्या डोंगरावर, पायऱ्यांच्या तोंडाशी तिचं नारळ, गुलाल आणि दवण्याचं दुकान होतं. त्याच दुकानावर तिनं मला वाढवलं आणि आमच्या घरातला पहिला पदवीधर केलं.

लहानपणीचा डोंगर मला धुक्यातलाच आठवतो. आधी आवाज यायचे, मग गुलालानं माखलेली माणसं. जोतिबाला प्रत्येक गावाचा पुजारी ठरलेला. त्यामुळं सगळे एकच विचारायचे, "आमचं पुजारी कुठं ऱ्हात्यात?" आत्ती म्हणायची, "पावणं, गाव कंचं?" मग कुणाला वरच्या आळीला धाडायची, कुणाला तळ्याकडं. पुजारी परगावी असला तर त्याच्या भावाचं दार सांगायची.

"आत्ती, परत्येकाला येगळंच कसं सांगतीस?"

"मग काय समद्यास्नी एकाच दारात कोंबू व्हय रं?"

आता मी कागलच्या एमआयडीसीत एका संगणकसेवेचं काम बघतो. सेवेचं नाव एक, पण तिची यंत्रं वेगवेगळ्या शहरांत. कुणाच्या संगणकानं त्या नावाचा पत्ता विचारला की तो कुठून विचारतोय ते पाहून जवळच्या, चालू असलेल्या यंत्राचा पत्ता द्यायचा. एक बंद पडलं तर दुसऱ्याचा. हे मला पहिल्यांदा समजावलं गेलं तेव्हा बाहेर कडक ऊन होतं, पण मला खिडकीत डोंगरावरचं धुकं उतरल्यासारखं वाटलं.

यंदा वाट रुंद करायची म्हणून आत्तीचं दुकान खाली एसटी स्टँडजवळ गेलं. ती एवढंच म्हणाली, "माजी मानसं जुन्या जागंवर येत्याली. मी न्हाय बघून तशीच माघारी जात्याली."

मी जुन्या जागी मोठ्या अक्षरांत पाटी लावली. रविवारी भाविकांनी चांगभलं म्हणत गुलाल उधळला आणि दुपारपर्यंत पाटी नुसती गुलाबी झाली. एक अक्षर दिसेना.

आत्तीला फोनवर नीट ऐकू येत नाही. म्हणून सोमवारी चिठ्ठी लिहून डोंगरावर जाणाऱ्या गाडीच्या कंडक्टरजवळ दिली :

"आत्ती, पाया पडतो.

पाटीचं मनाला लावून घेऊ नकोस. आमच्याकडंही जागा बदलली तरी जुनी जागा लगेच बंद करत नाहीत. लोकांच्या यंत्रांत जुना पत्ता काही दिवस राहतोच. तोवर जुन्या जागेवर कुणीतरी थांबून नवी जागा सांगत राहावं लागतं.

दर रविवारी पहिल्या गाडीनं येऊन मी पायऱ्यांपाशी पोतं टाकून बसणार आहे. बाकीचे दिवस शेजारच्या फुलवाल्या काकी बघते म्हणाल्यात. तुला विचारत आलेला एकही माणूस माघारी जाणार नाही.

फक्त कुठल्या गावाचा पुजारी कुठं राहतो, ते मला पुन्हा एकदा सांग. लोक आधी तेच विचारतील, आणि मी निम्मं विसरलोय.

रविवारी येतो. चहा ठेव."