तारप्याला पाठ दाखवायची नाही

सोमाबाबा तिसऱ्यांदा माइकसमोरून चालते झाले, तेव्हा पमेला मॅडमनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मीच त्यांना खुणावून नेलं.

नव्वदचं दशक संपत आलं होतं. जव्हार तालुक्यात, साखरशेतच्या एका खळ्यावर आम्ही सकाळपासून उभे होतो. मी मुंबईत साउंड रेकॉर्डिस्ट होतो. जाहिराती आणि माहितीपट करायचो. परदेशी काम हे पहिलंच.

काम होतं डेरेकचं. डेरेक इंग्लंडचा पॉप गायक. मॅडम त्याच्या मॅनेजर. नव्या अल्बमसाठी त्याला तारपा हवा होता, म्हणजे भोपळा, बांबूच्या नळ्या आणि ताडाच्या पानांचा लांब कर्णा असलेलं वारली लोकांचं फुंकायचं वाद्य. वाजवणार होते साखरशेतचे सोमाबाबा. नवं भात घरात आलं होतं, म्हणजे तारप्याचे दिवस होते. पण दुसऱ्या दिवशी त्यांचं विमान होतं. जमलं नाही तर लंडनला कीबोर्डवरच तारप्यासारखा आवाज काढू, असं मॅडमनी बजावलं होतं. तसं झालं असतं तर माझं पहिलं परदेशी काम शेवटचंही ठरलं असतं.

पहिली अडचण आली क्लिक ट्रॅकची. क्लिक ट्रॅक म्हणजे हेडफोनमधली ठरावीक लयीची टिकटिक. तिच्यावर वाजवलं की नंतर ड्रम, गिटार सगळं बरोबर बसतं. सोमाबाबांनी हेडफोन लावला, क्षणभर ऐकलं आणि काढून माझ्या हातात दिला.

“कानात पाल चुकचुकते,” ते म्हणाले. “आसं चुकचुकताना आमी काय चांगलं काम करीत नाय.”

टिकटिक बंद केली, तर दुसरी अडचण. दोन मिनिटं वाजवलं की बाबांचे पाय चालायला लागायचे. माइक स्टँडवर जागच्या जागी आणि बाबा गोल फिरणार. हेडफोनमध्ये तारपा घाटातल्या एसटीसारखा यायचा आणि जायचा. त्यांना एका जागी उभं राहायला सांगा, असं मॅडम म्हणाल्या. बाबा राहिलेही. अर्ध्या मिनिटात सूर मलूल पडला.

“पाय थांबला का वारा थांबतो,” बाबांनी सांगितलं. वारा म्हणजे श्वास.

मग कोरा चहा आला. बाबांनी मला विचारलं की हा गोरा माणूस तिकडे करतो काय. मी डेरेकला विचारलं आणि तो बोलायलाच लागला. वडील बस चालवायचे. सतराव्या वर्षी मित्रांबरोबर बँड काढला. एक गाणं देशात पहिल्या नंबरवर गेलं. मुली हॉटेलबाहेर रडत उभ्या राहायच्या. पुढे बँड फुटला, बायको गेली, नंतरचे तीन अल्बम कुणी ऐकले नाहीत. आता वीस वर्षं गावोगाव तेच एक गाणं म्हणतो.

मी मराठीत सांगत गेलो. पहिला नंबर कसल्या शर्यतीत, असं बाबांनी मध्येच विचारलं. रेकॉर्डच्या खपाच्या, मी सांगितलं.

“येकच गाणं म्हणतो, तेचं काय वाईट?” बाबा म्हणाले. “मी आजाच्या चाली वाजवतो. नवी कोण मागत नाय. लोक नाचतात का तेच्या गाण्यावर?”

मी डेरेकला विचारलं. पूर्वी नाचायचे, तो म्हणाला. आता खुर्चीत बसून टाळ्या वाजवतात.

“मंग चूक गाण्याची नाय. खुर्च्यांची हाय.”

मी भाषांतर केलं. डेरेक इतका हसला की चहा त्याच्या नाकात गेला. मग उठून त्याने विचारलं की नाचणारे कुठे आहेत.

शाळेतल्या गुरुजींनी दहा-बारा बाया-माणसं जमवली. कमरेत हात घालून रांग धरली. डेरेक मधोमध शिरला. एकच नियम होता, तारप्याला पाठ दाखवायची नाही. मी स्टँड दुमडून ठेवला आणि बूम घेतला, म्हणजे लांब काठीच्या टोकाला बसवलेला माइक. बाबांच्या पुढे, त्यांच्याकडे तोंड करून मी उलटा चालू लागलो. वाऱ्याचा आवाज अडवायला माइकवर केसाळ टोपी असते. गावातल्या एका कुत्र्याला ते मुंगूस वाटलं. तो माझ्यामागे, मी उलटा, असे आम्ही फेरे घातले. शेवटी मी पेंढ्यात पडलो, पण काठी वर धरून ठेवली. मॅडम तारप्याकडे पाठ करून बाजूला उभ्या होत्या, तर एका म्हातारीने त्यांना दोन्ही खांद्यांना धरून तारप्याकडे वळवलं. मग त्या तशाच राहिल्या.

अकरा मिनिटं, एकच टेक. म्हणजे मध्ये न थांबता, न जोडता. डेरेकचे पाय शेवटपर्यंत चुकले.

काही महिन्यांनी सीडी आली. गाणं तिकडच्या खपाच्या यादीत अगदी तळाला एक आठवडा दिसलं म्हणे. कव्हरवर सोमाबाबांचं नाव बरोबर होतं, माझं चुकलेलं. लंडनला ड्रम, गिटार चढवलेलं ते गाणं मी कॅसेटवर भरून साखरशेतला नेलं. बाबांनी डोळे मिटून पूर्ण ऐकलं.

“बरं हाय. पण ढोलवाला पुढं पळतो. तेला सांग, तारप्याच्या मागं चाल.”

निरोप मी लंडनला कळवला नाही. स्वतः मात्र पाळतो. रेकॉर्डिंगला गेलो की आधी वाजवणाऱ्याचे पाय बघतो आणि मग ठरवतो, स्टँड गाडीतून काढायचा की नाही.