सुईमावशीच्या जोड्या

हॉस्पिटलच्या तळघरात, लिफ्टमधून उतरून डावीकडे वळलं की तिसरं दार सुईमावशीचं. दारावर 'लिनन रूम' अशी पाटी आहे, पण ती वाचतो कोण? "सुईमावशीकडे जा" म्हटलं की कालची नवी नर्ससुद्धा बरोब्बर तिथे येऊन उभी राहते. ॲप्रनवर डाव्या खांद्याशी दोरा ओवलेली सुई कायम टोचलेली, म्हणून सुईमावशी. खरं नाव पगारपत्रकावर असेल, आपल्याला काय करायचंय त्याच्याशी?

सत्तावीस वर्षं ती त्या खोलीत होती. वरच्या पाच मजल्यांवरची एकूण एक चादर, एकूण एक अभ्रा, ऑपरेशनचे हिरवे झगे, सगळं तिच्या हाताखालून जायचं. धुवायला बाहेरच्या कंपनीत जायचं आणि धुऊन आलं की मावशी आणि तिच्या हाताखालच्या चौघीजणी ते उलगडून बघायच्या. फाटलेलं बाजूला काढायचं, शिवण्याजोगं शिवायचं, घडी घालून वर पाठवायचं. सोपं वाटतं ना? वाटू द्या. एका सकाळी दोनशे चादरी कोपऱ्याला कोपरा जुळवून घडी करा, मग बोलू आपण.

मावशीची स्वतःची एक पद्धत होती. नवी चादर वापरात जायच्या आधी तिच्या एका कोपऱ्यात ती रंगीत दोऱ्याचे तीन टाके घालायची. दर वर्षी रंग वेगळा. कपाटाच्या दाराला आतून एक पुठ्ठा अडकवलेला, त्यावर दोऱ्यांचे तुकडे आणि प्रत्येकासमोर साल. कोपरा बघितला की चादरीचं वय कळतं. हे तिला कुणी शिकवलं नव्हतं आणि कुणी सांगितलंही नव्हतं. हेडक्लार्क एकदा म्हणालाच, "मावशी, हा काय रिकामा उद्योग?"

"रिकामी असते तेव्हाच करते," मावशी म्हणाली.

तर त्या वर्षी रंग होता लाल. आणि लाल टाक्यांच्या, म्हणजे चार महिन्यांपूर्वी आलेल्या करकरीत चादरीसुद्धा भराभर फाटायला लागल्या. मावशीने चादर नाकाला लावली. पावडरचा वास नाकात झोंबला. कंपनीवाले कसलं तरी जहाल औषध घालून एका धुण्यात काम उरकत होते, हे तिला वासावरून कळलं. तीनदा वर जाऊन तिने हेडक्लार्कला सांगितलं. तिन्ही वेळा तो "बघू" म्हणाला. त्याचं 'बघू' म्हणजे काय, हे पाचही मजल्यांना ठाऊक होतं.

मग एका सकाळी दारावर नोटीस चिकटलेली दिसली. इंग्रजीत, भली लांबलचक. मावशीची शाळा आठवीत सुटलेली. अक्षरं लागायची, पाट्या वाचता यायच्या, पण अशी लांब वाक्यं सुरू झाली की शेपूट हाती लागेपर्यंत डोकं निसटायचं. तरी तिने बोट ठेवून वाचलं आणि शेवटी तीन शब्द ओळखीचे सापडले. लॉक, स्टॉक, बॅरल. कुलूप, माल, पिंप.

"तपासणी आहे गं बायांनो!" मावशी म्हणाली. "हॉस्पिटलच्या नव्या मोठ्या मॅडम आल्यात ना, त्यांना सगळं टापटीप लागतं. चला, उठा."

आणि लागल्या की पाचजणी कामाला. तिन्ही कपाटांना कुलपं लावली. माल मोजून थप्प्या रचल्या. कोपऱ्यात ओल्या चादरी टाकायचं निळं पिंप होतं, ते चौघींनी आडवं पाडून आतबाहेर असं घासलं की धाकटी त्यात तोंड बघून केस सारखे करायला लागली. दुपारी हेडक्लार्क खाली आला. आधी त्याला काही उमगेना. उमगल्यावर तो इतका हसला की चष्मा काढून डोळे पुसावे लागले.

"अहो मावशी, लॉक स्टॉक अँड बॅरल म्हणजे सगळंच्या सगळं! चंबूगबाळं! तुमची ही खोली सामानासकट धुलाई कंपनीला द्यायचं चाललंय. कंपनी स्वतःच्या चादरी भाड्याने देणार. शिवणकाम बंद."

चौघींचे चेहरे बघितल्यावर त्याचं हसू आपोआप थांबलं. धाकटीच्या हातात अजून घासणी होती. थोरलीने खाली बसून घेतलं, कारण तिच्या घरात कमावणारी ती एकटी. मावशीला मात्र त्या क्षणी खोलीपेक्षा दुसरीच गोष्ट जास्त लागली. इतकी वर्षं या बायका तिच्या शब्दावर चालल्या होत्या आणि आज तिने त्यांच्याकडून पिंप घासून घेतलं होतं. कानाच्या पाळ्या गरम झाल्या तिच्या.

नोटिशीत आणखी एक ओळ होती. पंधरा दिवसांनी मीटिंग, इन-चार्जला, म्हणजे मावशीला, काही म्हणायचं असेल तर तिथे म्हणावं. मीटिंग इंग्रजीत, कारण नव्या मॅडमना आपली भाषा येत नव्हती, कंपनीच्या माणसालाही नाही. "मी आहे ना," हेडक्लार्क म्हणाला, "मी सांगेन तुमच्या वतीने." मावशीने नुसती मान हलवली. तिच्या दहा वाक्यांचं तो एक करतो, हे तिने अनेकदा कानांनी ऐकलं होतं.

घरी आल्यावर तिने सुनेला गाठलं. सून एका कंपनीत फोनवर लोकांच्या तक्रारी ऐकायची, दिवसभर इंग्रजीतून. मावशी म्हणाली, "सूनबाई, मला इंग्रजी शिकव."

"पंधरा दिवसांत?"

"सगळी नको गं. हे कुलूप-माल-पिंप असलं काय काय बोलतात ना ते, तेवढं शिकव. त्यातच मला गाठलं मेल्यांनी."

सून हुशार पोरगी. तिने ओळखलं की असल्या मीटिंगमध्ये बोलणारे दर वाक्याला दोन-दोन, तीन-तीन शब्दांची माळ लावतात आणि शब्द सुटे ओळखीचे असले तरी माळेचा अर्थ वेगळाच असतो. रोज संध्याकाळी स्वयंपाकघरात शिकवणी सुरू झाली. पहिली जोडी वेअर अँड टेअर. वापरून वापरून झिजणं, फाटणं. मावशीने ती दोनदा म्हटली आणि तिसऱ्यांदा टेअर अँड वेअर म्हणाली.

"आई, उलटं नाही म्हणायचं."

"का? म्हटलं तर काय आभाळ कोसळतं?"

"नाही म्हणत, एवढंच."

मावशी हातातलं भांडं पुसत राहिली. मग एकदम म्हणाली, "आपण कपडेलत्ते म्हणतो. लत्तेकपडे नाही म्हणत."

"नाही."

"धुणीभांडी म्हणतो. भांडीधुणी म्हटलं तर लोक हसतील. आणि तन-मन-धन! धन-तन-मन म्हणून बघ बरं, जीभच अडखळते." मावशीने भांडं खाली ठेवलं. "अगं बाई, म्हणजे हे तर आपल्याकडचंच! उगीच घाबरत होते की मी!"

त्यानंतर तिला थांबवणं मुश्कील झालं. ऑड्स अँड एंड्स म्हणजे सटरफटर. सेफ अँड साउंड म्हणजे सुखरूप. बाय अँड लार्ज आलं तेव्हा सूनच गडबडली, म्हणाली, "याचा अर्थ एकंदरीत, पण त्यात बाय का आणि लार्ज का, ते मला विचारू नका." मावशी म्हणाली, "नाही विचारत. सटरफटरमधलं फटर म्हणजे काय, हे तुला कुठे माहीत आहे?" दोघी इतक्या हसल्या की बाहेरच्या खोलीतून काकांनी, म्हणजे मावशीच्या यजमानांनी, काय झालं म्हणून विचारलं.

आणि मावशीची पाठांतराची तऱ्हा बघा! वहीत लिहिणं तिला जमेना. तिने जुन्या चादरीच्या पट्ट्या फाडल्या आणि प्रत्येक पट्टीवर एकेक जोडी सुईने भरली. जोडी असेल तर दोन रंग, तिघाडा असेल तर तीन. सून कुरकुरली, "आई, पाठ करायचंय, भरतकाम नाही." मावशी म्हणाली, "हातातून गेलं की डोक्यात राहतं माझ्या." दहा दिवसांत एकतीस जोड्या आणि सात तिघाडे झाले. दोरीवर वाळत घातल्यासारखे ते स्वयंपाकघरभर लटकले. काका जन्मभर बस चालवून निवृत्त झालेले, तेही आता भाजी घेऊन आले की दारातून ओरडायचे, "सेफ अँड साउंड आलो बरं का!" आणि सून फोनवर आपल्या आईला सांगायची, "तुझी विहीण आता माझ्या साहेबांना शिकवेल."

मीटिंग पाचव्या मजल्यावर होती. लांब टेबल, गार हवा, मधोमध मॅडम. मावशीने घडी केलेल्या तीन चादरी मांडीवर घेतल्या होत्या. शेजारी हेडक्लार्क, समोर कंपनीचा माणूस, टाय लावलेला. तो उठला आणि सुरू झाला. फर्स्ट अँड फोरमोस्ट म्हणाला. मावशीने मनात म्हटलं, सगळ्यात आधी; पिवळ्या-काळ्या दोऱ्याची पट्टी. बाय अँड लार्ज म्हणाला. मावशीने मान डोलावली. मग तो थाटात म्हणाला की चादरी फाटतात त्यात कंपनीचा दोष नाही, हे सगळं वेअर अँड टेअर आहे आणि त्यातून खालच्या बायकांची शिवण कच्ची.

हेडक्लार्क मावशीकडे झुकला. "मावशी, ते म्हणतायत की चादरी जुन्या—"

"कळलं मला," मावशी म्हणाली. हेडक्लार्कचं तोंड तसंच उघडं राहिलं.

मावशी उभी राहिली. "मॅडम," ती म्हणाली, "वेअर अँड टेअर आय शो."

पहिली, गेल्या वर्षीच वापरातून काढून ठेवलेली चादर तिने खिडकीसमोर धरली. कोपऱ्यात निळे टाके. मधोमध, जिथे माणसाची पाठ टेकते, तिथे कापड इतकं विरलं होतं की पलीकडचं झाड दिसत होतं. कडा मात्र शाबूत. "नाइन इयर्स," मावशी म्हणाली. "धिस, वेअर अँड टेअर." मग दुसरी. लाल टाके. "फोर मंथ्स." मधे जाड, कडेला जाड, झिजल्याचं नाव नाही. तिने अंगठ्याने कड जराशी ताणली आणि कापड आवाज न करता कागदासारखं सुटलं. "धिस, नॉट वेअर अँड टेअर." तिसरी चादर तिने टेबलावर पसरली. तीही लाल टाक्यांची, शिवून दिलेली. शिवणीच्या दोन्ही बाजूंनी कापड फाटलेलं आणि मधे टाका जसाच्या तसा. तिने टाक्यात बोट घालून ओढलं. टाका हलला नाही.

टायवाला काहीतरी भराभर बोलला. मॅडमनी हात वर करून त्याला थांबवलं आणि मावशीला विचारलं, तुम्हाला एवढं खात्रीने कसं सांगता येतं? प्रश्न मावशीला समजला, पण उत्तर द्यायला तिच्याजवळचं इंग्रजी संपलं होतं. दोऱ्यांचे रंग, कपाटातला पुठ्ठा, जहाल पावडर, तीनदा केलेली तक्रार, हे कुठल्या पट्टीवर भरलेलं होतं? मावशी हेडक्लार्ककडे वळली.

"आता मी माझ्या भाषेत बोलते," ती म्हणाली. "तुम्ही मॅडमना सांगा. आणि माझी दहा वाक्यं झाली तर तुमची दहाच झाली पाहिजेत. मी मोजणार आहे. मला आता थोडंथोडं कळतं."

हेडक्लार्कने दहाची दहा सांगितली. तीन तक्रारी आल्या होत्या हेसुद्धा सांगितलं, आणि ते सांगताना तो स्वतःच्या बुटांकडे बघत होता. मॅडम खुर्चीवरून उठून आल्या, लाल टाक्यांवरून त्यांनी बोट फिरवलं आणि म्हणाल्या की तो पुठ्ठा मला बघायचाय, आत्ता. सगळं टेबल लिफ्टने तळघरात उतरलं. चौघीजणी भिंतीला टेकून उभ्या राहिल्या. मॅडमनी कपाट उघडलं, पुठ्ठा वाचला, मग हाताला येईल ती चादर ओढून कोपरा बघायचा, साल लावायचं आणि कापडाची झीज त्याच्याशी ताडायची, असं पंधरा-वीस वेळा केलं. एकदाही चुकलं नाही.

आठवड्याने दारावर दुसरी नोटीस आली. हेडक्लार्क स्वतः घेऊन आला होता. "वाचून दाखवू?" त्याने विचारलं.

"द्या इकडे," मावशी म्हणाली.

चौघी जवळ आल्या. मावशीने बोट ठेवून, अडखळत, थांबत वाचलं. खोली राहणार होती. धुलाईचं काम त्या कंपनीकडून काढून घेतलं होतं. हॉस्पिटलमधल्या प्रत्येक नव्या कपड्याला इन-चार्जच्या पद्धतीनेच खूण करायची होती. थोरलीने तोंडाला ॲप्रन लावला आणि ती रडायला लागली. धाकटी म्हणाली, "मावशी, तुम्ही म्हणजे ना!" मावशीचं बोट मात्र अजून शेवटच्या ओळीवर होतं. त्या ओळीत लिहिलं होतं की ही खोली आपलं काम विदाउट लेट ऑर हिंड्रन्स चालू ठेवील.

ही जोडी तिच्याकडे नव्हती. तीन आठवड्यांपूर्वी याच जागी तिने नोटिशीचा अर्थ मनानेच लावला होता आणि पिंप घासलं होतं. तिने मान वर केली आणि चौघींच्या देखत, खणखणीत आवाजात विचारलं, "हेडक्लार्क, याचा अर्थ काय हो?"

हेडक्लार्कने कागद घेतला. चष्मा वर केला, खाली केला. हसला नाही. "खरं सांगू मावशी? विनाअडथळा असं काहीतरी आहे, पण त्यातलं लेट म्हणजे काय ते मलाही नक्की माहीत नाही."

"मग त्यात लाजताय काय? बसा," मावशी म्हणाली. तिने खांद्यावरची सुई काढली, धाकटीला चादरीची एक पट्टी फाडायला सांगितली. "सूनबाईला विचारून उद्या सांगते तुम्हाला."